शिवेपासून चिंचेपर्यंत

एका खोऱ्यात पाच गावांचे पाच आठवडी बाजार भरायचे, सोमवार ते शुक्रवार. शनिवार कोरा. रविवारच्या बाजारावर मात्र दोन गावं हक्क सांगायची, वरचं गाव आणि खालचं गाव. रोजची भांडणं नकोत म्हणून राजानं एक वहिवाट घालून दिली होती. वर्षातून एकदा दोन्ही गावांच्या हरकाऱ्यांनी, म्हणजे निरोप घेऊन धावणाऱ्या गड्यांनी, चौदा कोस धावायचं. तळ्याकाठची घंटा जो आधी वाजवील, त्याच्या गावात वर्षभर रविवारचा बाजार.

वरच्या गावचा हरकारा होता रायाजी. सहा वर्षं धावला आणि सहाही वर्षं हरला. गडी दमायचा म्हणाल तर तसंही नाही. चौदा कोस धावून आला तरी हातातला तांब्या हलायचा नाही. पण शेवटचा ओढा ओलांडला की खालच्या गावचा हरकारा असा सुटायचा, की रायाजीच्या नशिबी त्याची पाठ तेवढी उरायची.

वरचं गाव कुंभारांचं. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन बाया दर रविवारी तीन कोस डोंगर उतरायच्या. दहातली दोन मडकी वाटेतच फुटायची. सातव्या वर्षी पाटील रायाजीला म्हणाले, "बाबा, राग मानू नकोस. यंदा जमलं नाही, तर पुढच्या वर्षी दुसरा गडी बघू."

रायाजीच्या ते जिव्हारी लागलं. तो रोज चौदा कोस धावू लागला. कधी सोळा. कधी अठरा.

एके दिवशी वाटेत ठकूकासारीण भेटली. पाटीत बांगड्या घेऊन ही म्हातारी खोऱ्यातले सगळे बाजार करायची. जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट. गुडघे चोळत ती दगडावर बसली होती.

"रायाजी, रोज एवढं धावून तू शिकतोस काय रे?"

"न थांबता धावायला, मावशी."

"ते तर तुला सहा वर्षांपूर्वीच येत होतं. आता माझं एक काम कर. उद्यापासून माझ्यासाठी जागेची धाव धाव."

ही जागेची धाव म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्या बाजारांची रीत. सकाळी विक्रेते गावाच्या शिवेवर उभे राहायचे. शिंग वाजलं की बाजारतळावरच्या चिंचेपर्यंत पळायचं. आधी पोचेल त्याची दाट सावली, मागून येईल त्याचं ऊन. अर्ध्या कोसाचीही पळापळ नाही, पण गोंधळ असा की मागच्याच्या धोतरावर पुढच्याची धूळ.

रायाजीला हसू आलं. "मावशी, मी चौदा कोसांचा गडी. नारळवाल्यांशी काय पळू?"

"नको पळूस. माझ्या लाखेच्या बांगड्या उन्हात मऊ पडतात, मी दुसरं कुणी बघते." उठता उठता ती म्हणाली, "पण एक सांग. खालच्या गावात दर रविवारी बाजार भरतो. तिथल्या जागेच्या धावेत त्यांचा हरकारा दर आठवड्याला असतो. तो काय नारळ विकतो?"

रायाजी रात्रभर त्याच प्रश्नाशी झोंबत राहिला. सोमवारी सकाळी शिवेवर जाऊन उभा राहिला.

शिंग वाजलं. नारळवाला पुढे गेला. पालेभाजीवाली पदर खोचून पुढे गेली. बकऱ्या विकणारा ढेरपोट्या तात्याही पुढे गेला. रायाजी नववा आला आणि ठकूकासारीण दिवसभर उन्हात बसली.

"चौदा कोसांचे पाहुणे आले का?" नारळवाला ओरडला. "पाणी देऊ का, हरकारे?"

"देऊ नकोस, त्याला अजून साडेतेरा कोस जायचंय!" पालेभाजीवाली म्हणाली आणि अख्खा बाजार हसला.

रायाजीचे कान लाल झाले. छाती भात्यासारखी चालली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला धाप लागली होती.

"आता कळलं?" कासारीण म्हणाली. "तुझ्या पायांना एकच चाल ठाऊक आहे. लांबचं तुझ्या अंगात मुरलंय, ते कुठं पळून जात नाही. शनिवारी एकदा पायांना चौदा कोस फिरवून आण, रविवारी पाय वर करून पड. बाकीचे पाच दिवस माझे."

मंगळवारी रायाजी आठवा आला. बुधवारी पुन्हा नववा. महिन्याभरानं तात्या मागं पडला. दोन महिन्यांनी नारळवाल्याच्या खांद्याला खांदा लागला. पालेभाजीवाली मात्र हाती लागेना. "भाऊजी, माझी मेथी कोमेजते, मला थांबून चालत नाही," असं म्हणत ती रोज चिंचेला आधी हात लावायची. पण कासारणीला सावली मिळू लागली होती. आणि गंमत म्हणजे, शनिवारच्या लांब धावेत जी चाल रायाजीला पूर्वी घाईची वाटायची, तीच आता सावकाश वाटू लागली.

मोठ्या धावेचा दिवस उजाडला. पहाटे दोघे हरकारे निघाले. साडेतेरा कोस बरोबरीनं गेले. ओढा आला. खालच्या गावचा गडी नेहमीसारखा सुटला.

रायाजीला त्या क्षणी चौदा कोस आठवलेच नाहीत. त्याला दिसली शीव, दिसली चिंच आणि पुढे पदर खोचून पळणारी पालेभाजीवाली. शिंग वाजल्यासारखा तो सुटला. तळ्याच्या वळणावर दोघे बरोबर आले, बांधावर रायाजी वीतभर पुढे झाला, आणि घंटा वाजली ती त्याच्या हातानं. कुंभारणींनी आनंदानं अशी आरोळी ठोकली, की तळ्यातले बगळे उडाले.

वरच्या गावात पहिला रविवारचा बाजार भरला. कुंभारांनी रायाजीला नवेकोरे माठ दिले. त्यानं ते गार पाण्यानं भरले आणि डोक्यावरून वाहून नेत ज्यांनी ज्यांनी त्याला हरवलं होतं, त्यांच्या दुकानाशी एकेक ठेवला. नारळवाल्याकडे, तात्याकडे, पालेभाजीवालीकडे. "रोज हरवलंत म्हणून एकदा जिंकलो," तो म्हणाला. नारळवाल्यानं मान खाली घालून माठाला हात लावला. "पहिल्या दिवशी पाण्यावरून बोललो होतो," एवढंच पुटपुटला.

शेवटचा माठ कासारणीचा. रायाजी तिच्या पाया पडला.

"माझे कसले उपकार? मला सावली हवी होती."

"मग मावशी, सहा वर्षं का नाही सांगितलंस?"

"सहा वर्षं माझे गुडघे धड होते रे!"

दोघंही पोट धरून हसले. पुढच्या रविवारी शिवेवर शिंग वाजायच्या आधी रायाजीनं शेजारी पाहिलं. खालच्या गावचा हरकारा उभा होता. रायाजीनंच त्याला निरोप धाडला होता, "आता बाजार आमच्याकडे आहे, तर तूही येत जा." शिंग वाजलं, दोघे जिवाच्या आकांतानं पळाले, आणि चिंचेला आधी हात लागला तो पालेभाजीवालीचा.

तात्पर्य: लांबचा पल्ला गाठायचा असेल, तर जवळच्या धावेत रोज हरायची लाज धरू नये, आणि पल्ला गाठल्यावर, ज्यांनी हरवलं त्यांना पाणी द्यायला विसरू नये.