म्होरकीचं पाणी

फार मागे, माणसांनी डोंगरांना नावं देण्याआधी, एका रानात भुरी नावाची सांबरी कळपाची म्होरकी होती. म्होरकीने पाणवठ्यावर पहारा द्यायचा आणि सगळ्यांत शेवटी प्यायचं, अशी तिथली रीत. पाडसं रेंगाळायची, त्यांच्या आया भांडत बसायच्या, आणि भुरीची पाळी येईपर्यंत निघायची वेळ व्हायची.

वैशाखातल्या एका सकाळी बिबट्या अगदी जवळ आला तरी तिला वास लागला नाही. एक पाडस कसंबसं वाचलं, पण त्याच्या पाठीवर नखं उमटली.

भुरी दूर जाऊन उभी राहिली. तिची म्हातारी आत्या मागोमाग आली.

"आत्या, माझ्याच्याने होत नाही. दुसरी म्होरकी नेमा."

म्हातारीने आपलं नाक तिच्या नाकाला लावलं. "अगं, हे तर वाळलेलं पान झालंय. कोरड्या नाकाला वास कुठून येणार?"

"पण रीत आहे ना."

"ती घातली तेव्हा आम्ही तिघीच होतो, बाई. आता वीस तोंडं आहेत."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर भुरीने एका तरुण सांबरीला हाक मारली. "साळू, तू पहारा दे. मी आधी पिते."

"आल्या राणीसाहेब," मागून कोणीतरी म्हणालं.

भुरी तरीही पाण्यात उतरली आणि पोटभर प्यायली. मग ओल्या नाकाने साळूशेजारी येऊन उभी राहिली. वाऱ्यावर पिकल्या करवंदांचा वास होता, चिखलाचा होता. बिबट्याचा नव्हता.

"प्या गं निवांत," ती म्हणाली.

ओरखडलेलं पाडस सगळ्यांत आधी पाण्याशी गेलं.