द्वारकाक्काची रिकामी वाटी

एका गावात, जिथे उन्हाळा आला की माणसं सावलीत आणि वाळवणं उन्हात बसायची, द्वारकाक्का नावाची एक बाई राहायची. वयानं साठीच्या पुढची, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. आळीतल्या बायका म्हणायच्या, देवानं हिला दोन हात दिले खरे, पण दोन्ही देण्याचेच दिले. घेण्याचा एक द्यायला तो विसरला.

त्या आळीत पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं काम, उद्या सगळ्यांनी मिळून माझं. सुना शेतावर नाहीतर नोकरीवर, लेकी आपापल्या घरी, आणि पापड-कुरडया तर घरोघर हव्यातच. हौसाबाईला खाली बसता यायचं नाही, पण तिच्या दंडात अजून बळ होतं. ती स्टुलावर बसून हाटायची, कुटायची. गजराबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण पीठ किती भिजलं ते तिच्या बोटांना बरोबर कळायचं. शेवंताची कंबर धरलेली असायची, हात मात्र चपळ. तिघींचं मिळून एक धड शरीर व्हायचं आणि तेवढ्यावर आळीचा उन्हाळा निभायचा.

द्वारकाक्का या सावडीत सगळ्यांच्या आधी हजर. ज्या घरचं काम असेल तिथली बाई अजून अंगण झाडत असायची, तोवर ही पोळपाट-लाटणं घेऊन दारात. आणि आल्यापासून तिचा वैताग सुरू. पीठ सैल झालं, पापड जाड झाला, कापड मळकं आहे, कावळ्यांकडे कुणाचं लक्ष नाही. गजराबाईनं लाटलेला पापड ती उचलून परत लाटायची. एकीला धड काही येत नाही, असं ती मनात म्हणायची आणि तिला वाटायचं की ते मनातच राहिलं.

बरं, एवढं राबून स्वतःच्या घरी हिनं कधी कुणाला बोलावलं असेल तर शपथ. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "माझं मी करते. तुम्ही आलात की तुमचं निस्तरून वर माझं करायचं, दुप्पट काम."

आळीत आणखी एक रीत होती. शेजारणीनं वाटीभर काही पाठवलं, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. द्वारकाक्कानं या रीतीचाही जीव घेतला होता. वाटीभर आमटी आली, तर संध्याकाळच्या आत तीच वाटी लाडवांनी शीग लावून परत, वर केळीचा फणा. हौसाबाई कपाळाला हात लावायची. "हिला घासभर भाजी द्यायची सोय न्हाई. परत काय येईल ह्याचीच धास्ती. मग आपण त्याच्यावर काय पाठवायचं? ह्याच्यातच म्हातारपण जायचं."

हळूहळू तिच्याकडे वाटी जाणं बंद झालं. द्वारकाक्काच्या ते लक्षातही आलं नाही. आलं असतं तरी ती म्हणाली असती, बरं झालं, कटकट मिटली.

त्या वर्षी तिच्या नातीचं, लेकीच्या लेकीचं, लग्न ठरलं. द्वारकाक्कानं लेकीला निरोप धाडला, की रुखवतातल्या कुरडया माझ्या हातच्या असतील, बाजारातून एक आणशील तर खबरदार. नातीनं लहानपणापासून आजीच्या कुरडया खाल्ल्या होत्या. तिनं आपल्या होणाऱ्या सासूलाही त्यांच्याबद्दल कौतुकानं सांगून ठेवलं होतं. आता लग्न तोंडावर आलं होतं आणि द्वारकाक्काचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जाईना. वेणी घालायची तर मान वाकवून, लुगडं वाळत घालायचं तर काठीनं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दोरी उगाच उंच बांधली, असं म्हणत त्या दोरीवरच ती चिडायची.

पण आळीत लपून काय राहतं? हौसाबाई काठी टेकत तिच्या दारात आली.

"द्वारके, गहू भिजत घातलेस म्हणं. चीक हाटायला आम्ही येतो."

"कशाला? मला काय झालंय?"

"हात बघू वर करून."

"तू काय मास्तरीण हायस, हात वर करायला सांगायला?" द्वारकाक्का म्हणाली. "माझ्या घरचं काम मी करीन. तू तुझे गुडघे सांभाळ."

हौसाबाई काठी टेकत परत गेली, आणि वाटेत शेवंताच्या घरी थांबली.

चार-दोन दिवसांत शेवंताचे पापड होते. द्वारकाक्कानं सकाळी भिजलेले गहू वाटून घेतले, चीक गाळून पातेल्यात निवळायला ठेवला आणि नेहमीप्रमाणे पोळपाट काखेत मारून निघाली. शेवंताच्या अंगणात तिघी बसल्या होत्या. शेवंता उठून दारात आली आणि तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"आक्का, आज तू नको."

द्वारकाक्काला आधी कळेचना. "नको म्हंजे?"

"म्हंजे जा घरी. तुझ्या दारात आम्ही चालत न्हाई, तर आमच्या दारात तू नको."

"अगं, एवढी वर्षं राबले मी तुमच्यासाठी. त्याचं हे फळ?"

"राबलीस. तेच तर," शेवंता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही आणि चौकटीवरचे हातही हलले नाहीत. "आमचे हे गेले तवा सुतकात तू माझं घर सांभाळलंस. माझ्या पोरांना जेवू घातलंस. मी घेतलं, कारण तुला मी आपलं मानलं. पुढं तुझे मालक अंथरुणाला खिळले. मी भाकरी बांधून आणली, कोरड्यास आणलं. तू उंबऱ्यातनं सांगितलंस, आमची जेवणं झालीत. कुठं झाली होती गं? तुझ्या चुलीला जाळ नव्हता. मला दिसत होतं तुझं थंड चुलवण. मी ती भाकरी घेऊन परत गेले आणि रडले. मला वाटलं, माझ्या हातचं हिला चालत न्हाई."

"तसं नव्हतं ते," द्वारकाक्का म्हणाली.

"मग कसं होतं?"

द्वारकाक्काला रागच आला. "तुमचे पापड चिरणार बघा," एवढंच म्हणून ती वळली. पोळपाट काखेतून दोनदा घसरला. कुणी उचलून द्यायला आलं नाही.

दिवसभर ती भांडी आपटत राहिली. कृतघ्न बाया. काय मागितलं मी यांच्याकडे? एक शब्द तरी मागितला का? हे ती स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि म्हणताना तिला वाटत होतं की ही आपली बाजू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चिकावरचं निवळलेलं पाणी ओतून टाकलं, अंगणात चूल पेटवली, आधण ठेवलं, मीठ-हिंग घातला. चिकाचं काम दोघांचं. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं हाटायचं, आणि हात थांबला की गुठळी झालीच. नवरा होता तोवर तो ओतायचा आणि ती हाटायची. तो गेल्यावर ती डाव्या हातानं ओतायची, उजव्यानं हाटायची. आता उजवा हातच उठत नव्हता. म्हणून तिनं अदलाबदल केली. डावा हात वेडावाकडा फिरू लागला. उजव्यातून चीक भसकन पडला आणि खांद्यातून अशी कळ आली, की डाव्या हातातली पळीही सुटली. ती पळी काढेपर्यंत पातेल्यात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या होत्या आणि बुडाला करपल्याचा वास सुटला होता.

निम्मा चीक गेला. निम्मा अजून बाजूच्या पातेल्यात होता. तो आज शिजला नाही तर आंबणार, आणि नवे गहू भिजवून पुन्हा सगळं करायला लग्न थांबणार नव्हतं.

द्वारकाक्का चुलीपुढे बसून राहिली. तिनं पातेल्याला शिव्या घातल्या, मग खांद्याला, मग हौसाबाईला, मग गेलेल्या नवऱ्यालाही, की बरा वेळेवर सुटलास. शेवटी शिव्या द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा तिला रडू आलं. बाजारातून कुरडया आणाव्यात आणि माझ्याच म्हणून सांगावं, असंही तिच्या मनात आलं. कुणाला कळलं नसतं. पण शेवंताची ती भाकरी मनातून हलेना. तेव्हा त्या दोघांना खरोखरच भूक लागली होती. आजारी नवरा आतून म्हणाला होता, अगं, घे की. आणि तिनं घेतली नव्हती.

ती उठली. पदरानं तोंड पुसलं आणि शेवंताच्या घरी गेली. अंगणात तिघी कालचे पापड उलटत होत्या. द्वारकाक्का फाटकात उभी राहिली. राबणारी बाई, पण मागायचे शब्द तिच्या तोंडाला कधी लागलेच नव्हते. ते जिभेवर येईपर्यंत हौसाबाईचा एक कावळा हाकून झाला.

"माझा हात वर होत न्हाई," द्वारकाक्का शेवटी म्हणाली. "निम्मा चीक करपला. निम्मा राहिलाय. या."

हौसाबाई स्टुलावरून उठली आणि तेच स्टूल द्वारकाक्काच्या डाव्या हातात देत म्हणाली, "एवढं म्हणायला म्हातारी झालीस होय? चल, आंबंल तो."

खरी कसोटी पुढेच होती. घरी आल्यावर तिघींनी द्वारकाक्काला तिच्याच ओट्यावर बसवलं आणि बजावलं, की मांडीवरचे हात हलवायचे नाहीत. शेवंता ओतू लागली, हौसाबाई हाटू लागली. गजराबाईनं चिकाची चिमूट तोंडात टाकली आणि वर आणखी मीठ घातलं. आणखी मीठ. द्वारकाक्कानं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले. कापड तिरकं अंथरलं. सोऱ्यात चीक नको तेवढा दाबून भरला. शेवंताच्या कुरडया घट्ट गोल, गजराबाईच्या पसरट, आणि हौसाबाईच्या तर बघवत नव्हत्या.

"ते जरा..." द्वारकाक्काच्या तोंडून निघालं.

हौसाबाईनं सोऱ्या हातात धरूनच मान वळवली. "काय?"

"काही न्हाई."

"मग बरं."

अशी ती बाई उन्हं चढेपर्यंत गप्प बसली. पापड लाटण्यापेक्षा हे काम तिला जड गेलं. मधेच शेवंतानं शिजलेला गरम चीक आपल्या घरून आणलेल्या वाटीत घालून, वर तेल-तिखट सोडून तिच्यापुढे धरला. द्वारकाक्का "जेवण झालंय" म्हणणार होती. शेवंता वाटी धरून तशीच उभी राहिली. द्वारकाक्कानं वाटी घेतली. खाताना तिच्या लक्षात आलं, की मीठ बरोबर होतं. हे तिनं कबूल केलं नाही, पण वाटी चाटूनपुसून संपवली.

लग्नात रुखवत मांडलं. कुरडया कमी होत्या आणि एकीसारखी दुसरी नव्हती. नात हसत म्हणाली, "आजी, ह्या तुझ्या हातच्या वाटत नाहीत गं."

"न्हाईतच," द्वारकाक्का म्हणाली. "माझ्या आळीच्या हातच्या हायेत. मी मागितल्यात." आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली, जणू करण्यापेक्षा मागणंच मोठं काम होतं.

लग्नाहून परतल्यावर तिला कोनाड्यात शेवंताची वाटी दिसली. चिकाची वाटी घासून ठेवली होती, परत द्यायची राहिली होती. सवयीनं तिनं लाडवांचा डबा ओढला. झाकण उघडलं. मग कुणावर तरी रागावल्यासारखं ते धाडकन लावलं आणि नुसती वाटी घेऊन निघाली.

शेवंता दारातच बसली होती. द्वारकाक्कानं वाटी पुढे केली.

"रिकामी हाय," ती घुश्शातच म्हणाली. "काय बोलायचं ते बोल."

शेवंतानं वाटी हातात घेतली. आत पाहिलं. वाटी अगदी कोरडी, स्वच्छ, रिकामी होती. इतक्या वर्षांत द्वारकाक्काकडून असं काही तिला पहिल्यांदाच मिळत होतं. तिनं ती वाटी पदरानं पुसली, पुसायचं काही नसताना, आणि सरकून उंबऱ्यावर जागा केली.

"बस, आक्का. चहा टाकते."

द्वारकाक्का बसली. चहात साखर जास्त होती. ती काही बोलली नाही.

तात्पर्य, ऐकणाऱ्यांना ठाऊकच आहे, तरी सांगते: जी फक्त देते आणि कधीच घेत नाही, ती शेजारणीला उपकाराखाली ठेवते, सोबत देत नाही. म्हणून आपल्या माणसांकडे कधीतरी हक्कानं मागावं आणि त्यांची वाटी निर्धास्तपणे रिकामी परत करावी.