नरसम्माची बोटं

“आता तरी ध्यान शिकवाल ना, भन्ते?”

सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्तीतला तो लहानसा विहार. प्रबोध ध्यान शिकायला आला होता. भन्ते सुमनांनी त्याला आठ महिने भलत्याच कामाला जुंपलं होतं : घरोघर जायचं, कागद जमवायचे, आणि वर्षाकाठी थोडक्या हप्त्यात मिळणाऱ्या आरोग्यविम्यात एकेका कुटुंबाचं नाव घालायचं.

“सगळी वस्ती झाली, भन्ते. एकशे चाळीस घरं.”

“राहिलं कोण?”

“कुणी नाही...”

भन्ते बघत राहिले.

“एक नरसम्मा. तिच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत. तीनदा बोट लावलं, तीनदा मशीननं नाकारलं. आता मशीनपुढे मी काय करणार?”

भन्ते उठले. चीवर सावरलं आणि चालू लागले. प्रबोध मशीन काखोटीला मारून मागोमाग निघाला.

नरसम्मा उंबऱ्यापाशी बसली होती, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पलीकडे आईबापांमागे तिच्याकडेच वाढणारी सहा वर्षांची नात लावण्या भिंतीला टेकून बसली होती. पोरीचे ओठ निळसर होते. तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं.

मशीन दिसताच नरसम्मानं हात पदराआड घेतला.

“कशाला परत, बाबा? बोटंच गेली माझी. माझं राहू दे. या पोरीचं तेवढं घाल.”

“घरातल्या मोठ्या माणसाची नोंद झाल्याशिवाय तिचं होत नाही, आजी.” हे वाक्य प्रबोधला पाठ झालं होतं.

भन्ते म्हणाले, “तिचा हात धर.”

त्यानं मशीन उघडलं.

“ते ठेव खाली. नुसता हात धर.”

प्रबोध अवघडून जमिनीवर बसला. नरसम्मानं बिचकतच हात पुढे केला.

त्यानं तिच्या बोटांवरून अंगठा फिरवला... आणि थबकला. एकही रेघ नव्हती. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत बोटं. त्यानं दुसरं बोट पाहिलं, तिसरं पाहिलं.

“कधीपासून विड्या वळता, आजी?”

“नववं लागलं होतं मला, तेव्हापासून. आता साठावं असेल. दिवसाला हजार.”

जन्माला येताना प्रत्येकाला मिळालेली खूण या बाईनं विडी-विडीनं झिजवली होती. त्यावर चार लेकरं वाढली, नवऱ्याचं आजारपण निघालं, आणि आता ही नात. तीन वेळा हेच बोट त्यानं काचेवर दाबलं होतं. पाहिलं मात्र एकदाही नव्हतं.

हात त्याच्याच्यानं सोडवेना.

“भन्ते...” तो म्हणाला. “डोळ्यांवरूनही नोंद होते. ते यंत्र मोठ्या कचेरीत आहे. मला माहीत होतं. दिवस मोडेल म्हणून... बोललो नाही.”



दुसऱ्या दिवशी सकाळी तो नरसम्माला आणि लावण्याला घेऊन गेला. रांगेत दुपार झाली. यंत्रानं नरसम्माच्या डोळ्यांत पाहिलं आणि पहिल्याच खेपेला तिला ओळखलं. पंधरवड्यात विम्याचं कार्ड आलं, दोन महिन्यांनी पोरीचं ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा तिचे ओठ गुलाबी होते, आणि ते बघायला सगळी गल्ली दारात लोटली होती.

त्या संध्याकाळी प्रबोध विहारात आला, पण ध्यानाचं विचारलं नाही.

“नरसम्मा सांगत फिरते, तू पोरीला वाचवलंस म्हणून,” भन्ते म्हणाले.

“तिला काय सांगू, भन्ते? तो हात हातात होता ना... तेव्हा वाटलं, आपण फार मोठ्या कुणापुढे बसलोय.”

भन्तेंनी डोळे मिटले.

“रुळांपलीकडे अजून एक वस्ती आहे. शेवटच्या घरापासून सुरू कर.”