पंतोजींची धूळपाटी

एका राज्यात चंडवर्मा नावाचा राजा होता. डोळ्यांना दिसेल तेवढेच त्याला खरे वाटे. त्याने फर्मावले की ज्याने त्याने आपल्या हातची करणी दरबारात मांडावी. जशी करणी तसे आसन मिळेल. लोहाराने तलवार मांडली, कोष्ट्याने शेला मांडला. देवशर्मा पंतोजी मात्र रिकाम्या हातांनी उभे राहिले. ते वडाखाली पोरांना शिकवीत. पाटीवर धूळ पसरायची, पोराचा हात हातात धरायचा आणि श्री गिरवायची, एवढेच त्यांचे काम.

राजाने विचारले, "पंतोजी, तुम्ही काय घडवलेत?"

"मी हात धरतो, महाराज. घडवणारे पुढे घडवतात."

राजा हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला. हसणाऱ्यांत लोहार होता, कोष्टीही होता, आणि दोघांचे हात एके काळी पंतोजींनीच धरले होते. धूळपाटी रस्त्यावर उधळली गेली आणि म्हाताऱ्याला वेशीबाहेर घालवण्यात आले.

वेशीबाहेर विद्येचा वैरी कर्कोट मांत्रिक टपूनच बसला होता. त्याने पंतोजींचा दगड केला, डोंगरातल्या गुहेत नेऊन ठेवला आणि शाप दिला, की या राज्यात आजपासून कोणी कोणाकडून काही शिकणार नाही.

पहिल्या वर्षी कोणाला काही कळले नाही. मग कोष्टी मेला आणि त्याच्या मुलाला मागावर सूत लावता येईना. वैद्य मेला, त्याच्या पुड्या तशाच पडून राहिल्या. बारा वर्षांत लोक चिंध्या पांघरून फिरू लागले. बारा वर्षांखालचे एकही मूल बोलत नव्हते, कारण बोलणेही कोणाकडून तरी शिकावेच लागते. राजाची लेक अकरा वर्षांची होती, तीही मुकीच.

राज्यात आता एकच सुईण उरली होती, हंसाई. तिची थोरली लेक केतकी आईबरोबर साठ बाळंतपणांना बसली होती. आई दाखवी, केतकी पाही, आणि उंबरा ओलांडला की डोके कोऱ्या मडक्यासारखे रिकामे. आता आईने अंथरूण धरले होते आणि धाकट्या शेवंताचे दिवस भरत आले होते. आई गेली तर शेवंताला कोण सोडवणार, या धास्तीने केतकीला घास गोड लागेना.

वडावर एक म्हातारी साळुंकी होती. ती म्हणाली, "केतकी, डोंगरात जा. दगडाच्या पंतोजींनी एकाला जरी एक अक्षर शिकवले तरी शाप तुटेल. बारा पंडित गेले आणि हात हलवत परत आले."

"का परत आले?"

"ते त्यांनाच कळले नाही. मी तर पाखरू."

केतकी निघाली. नदी पोहून पार केली, डोंगर चढली. गुहेला तीन दारे होती. पहिले दार म्हणाले, "आजीने शिकवलेले दे." तिने जात्यावरची ओवी दिली. मनात आजी दळत राहिली, ओठ हलत राहिले, शब्द मात्र उरले नाहीत. दुसरे दार म्हणाले, "बापाने शिकवलेले दे." तिने पोहणे दिले. तिसरे दार म्हणाले, "गुरूने शिकवलेले दे." पंडितांनी इथे एकेक श्लोक देऊन सुटका करून घेतली होती. केतकी पंतोजींकडे दोनच महिने बसली होती. तिच्यापाशी अक्षरे तेवढी होती, तीच तिने दिली, आणि देताना ती रडली.

आत कर्कोट बसला होता. "अगदी कोरी होऊन आलीस," तो हसून म्हणाला. "आता काय घेणार याच्याकडून?"

केतकीने दगडाकडे पाहिले. उजवा हात पुढे वाकलेला होता आणि त्याखाली लहान मुलाचा हात मावेल एवढी पोकळी होती. तिने त्यात बोटे घातली. दगड थंड होता. मग तो हलला. गुहेतल्या धुळीत तिच्या बोटाने एक अक्षर उमटले, आणि तिला ते आले.

ज्या पंडितांना अक्षरे येतच होती त्यांना दगड काय शिकवणार होता? कर्कोटाने आपल्याच दारांशी सारे काढून घेऊन तिला शिष्या करून आत सोडले होते. त्याला हे उमगले तेव्हा तो जागच्या जागी राख झाला. पंतोजी मात्र पुन्हा माणूस झाले नाहीत. ते वाळू होऊन ओघळले. केतकीने ती वाळू पदरात बांधली.

पोहणे गेले होते, म्हणून नदीला वळसा घालून यायला तिला तीन दिवस लागले. घरी पोहोचली तेव्हा शेवंता कळा देत होती आणि आईला उठवत नव्हते. हंसाईने पडल्या पडल्या केतकीचा हात धरून शेवंताच्या पोटावर ठेवला. "इथं दाब. आता थांब. आता धर." केतकीला उमगले, आणि उमगलेले या वेळी टिकले. मुलगी झाली, रडली. हंसाईने ते रडणे ऐकले आणि सूर्य मावळायच्या आत प्राण सोडला.

दहावा, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी शाप तुटल्याची वार्ता ऐकून राजा मुक्या लेकीला घेऊन अनवाणी वडाखाली आला. केतकीने पाटीवर वाळू पसरली होती.

राजा म्हणाला, "तुला तर एकच अक्षर येते ना?"

"एकच, महाराज. पण ते देता येते."

तिने राजकन्येचा हात हातात धरला. राजाने आजूबाजूला आसन शोधले. ते नव्हते, म्हणून तो जमिनीवर बसला.

त्या राज्याला जशी वाचा फुटली, तशी तुमच्या घरीदारी ती अखंड राहो. आणि ज्याने पहिल्यांदा तुमचा हात धरला, त्याचे नाव तुमच्या तोंडी असो.