तारीख तुम्हीच टाका

सावंतवाडीच्या मंगलाकाकींचं लाकडी भेटवस्तूंचं छोटं दुकान ऑनलाइन करायला पुण्याहून सबनीस ऐटीत आले. फळीवरच्या बाहुल्यांचे डोळे रंगवायचे राहिले होते.

"यांच्या फोटोखाली 'लवकरच येत आहेत' टाकू," सबनीस म्हणाले.

"नको. 'संपल्या' लिहा."

"काकी, धंदा तुम्हाला कळत नाही! संपलं म्हणणारं दुकान बुडतं. गिऱ्हाईकाला आशेवर ठेवायचं असतं."

काकींनी वाळून कडक झालेला कुंचला त्यांच्यापुढे ठेवला.

"बरं, टाका. डोळे फक्त आमचे हेच रंगवायचे. चतुर्थीआधी गेले. ते परत कधी येतात, ती तारीख तेवढी तुम्हीच टाका. मीही आशेवरच बसलेय."

सबनीसांनी 'संपल्या' लिहिलं. तेवढ्या एका शब्दाला त्यांना बराच वेळ लागला.