कळशीच्या तळावरचे नाव

एकदा एका व्यापाऱ्याने तांबटांच्या जुन्या पेठेत तीस ऐरणींचा कारखाना उभारला, आणि त्या ऐरणींपुढे बसायला त्याला माणसे मिळेनात. वीस वर्षे तो परमुलखातून भांडी आणून विकत होता. पुढे बोटी रखडू लागल्या, माल वेळेवर येईना, तेव्हा शेठजींना आपल्या पेठेचा उमाळा आला. उशिरा का होईना, आला हे चांगलेच.

पण पेठ आता तांबटांची उरली होती कुठे? कुणाची मुले शहरात पहारेकरी झाली होती, कुणाची घरोघर पार्सले पोचवत होती. शेठजींनी मजुरी वाढवली, दुपारचे जेवण लावले. माणसे येत, आठवडाभर ठोकत आणि निघून जात. दिवाळीपर्यंत पंधरा जण जमले नाहीत तर कारखान्याला टाळे, असे त्यांनी सांगून टाकले.

टिकून होते ते दोघेच. ऐंशीच्या घरातले एक वृद्ध तांबट, ज्यांना सारे आबा म्हणत, आणि त्यांचा शिष्य दिगंबर. खरे तर दिगंबरचेही मन उडाले होते. शहरातल्या एका नोकरीला त्याने होकार कळवला होता, आणि ते आबांना कोणत्या तोंडाने सांगावे हे त्याला सुचत नव्हते.

अशात एका लग्नघरातून दोनशे कळश्यांची मागणी आली. भांडे भेट द्यायचे तर त्यावर देणाऱ्याचे नाव घालायचे, ही आपल्याकडची रीत. येत्याजात्या माणसांच्या हातून कळश्या घडल्या आणि रीतीप्रमाणे यजमानांचे नाव काठाखाली घालून झाले. आबांनी मात्र एकेक कळशी पालथी केली आणि तळावर दुसरे नाव कोरायला घेतले. ज्याने जी घडवली, तिच्यावर त्याचे. दिगंबरचे तर घातलेच, पण आठवड्यात पळून गेलेल्यांचीही आठवणीने घातली. पळपुट्यांचा हा सन्मान कशासाठी, ते दिगंबरला काही केल्या उमजेना.

शेठजी संतापले. "आबा, दुकान माझं, भेट यजमानांची. या गड्यांची नावं कुणाला हवीत?"

आबांनी छिन्नी खाली ठेवली. "शेठ, साठ वर्षांत माझ्या हातून हजारो भांडी गेली. त्यांवर देणाऱ्याचं नाव आहे, काहींवर तुमच्या दुकानाचंही आहे. घडवणाऱ्याचं एकावरही नाही. माझ्या मुलानं ते लहानपणीच पाहिलं, आणि तो पेठ सोडून शहरात गेला. तुम्ही मजुरी वाढवलीत, ती हवीच. उपाशी माणसाला हातोडा उचलवत नाही. पण मजुरी शहरातही मिळते. तुम्ही काम परत आणलंत, शेठ. त्याचा मान आणायचा राहिला."

कळश्या शेवटी तशाच गेल्या, कारण पुन्हा घडवायला माणसे कुठे होती? दिगंबरने शेवटची कळशी बांधण्याआधी तळावरच्या आपल्या नावावरून अंगठा फिरवला. त्याला भरून आले. शहरात जायचे त्याने महिनाभर पुढे ढकलले.

लग्नानंतर काही दिवसांनी चाळिशीची एक बाई कळशी घेऊन कारखान्यात आली. कळशी तिला त्या लग्नात मिळाली होती आणि तळावर तिच्या भावाचे नाव होते. घरी आलेल्या प्रत्येकाला तो ती पालथी करून दाखवतो, असे ती हसत म्हणाली.

"बाहेर कोपऱ्यावर उभा आहे. आठवड्यात पळाला म्हणून आत यायला लाजतोय," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "मलाही शिकायचंय. पण आधी सांगा दादा, माझंही नाव घालाल ना?"

दिगंबरने आबांकडे पाहिले. आबा नुसते हसले. त्याने तिला एक ऐरण दाखवली आणि तिच्या भावाला आणायला तो स्वतः बाहेर गेला. शहरात नकार कळवला तो त्याच दुपारी. तळावरच्या नावांची गोष्ट पेठेत पसरली, आणि दिवाळीला ऐरणींपुढे सतरा जण बसले होते.

आपणही आज घरातले एखादे भांडे पालथे करून पाहावे.