करकोच्यांचा म्होरक्या

आकाशात पुढे कोणी उडायचं, याचं भांडण करकोच्यांत अजून मिटलं नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. उत्तरेकडून दोन थवे निघाले. पहिल्याने निघतानाच तुरेवाल्याला म्होरक्या नेमलं; मुक्कामी उतरेपर्यंत त्याला कोणी हलवायचं नाही. दुसऱ्यात लांबमानी पुढे होती, पण मागून थव्याची साद येईल तोवरच. साद थांबली की तिने मुकाट मागे जायचं.

“तुमच्यात रोज नवी कटकट गं,” तुरेवाला तिला हसला.

वाटेत धुळीचं वादळ उठलं. तुरेवाल्याने एकच हाक दिली आणि त्याचा थवा सरळ पार झाला. लांबमानीच्या थव्याने मात्र तीन म्होरके बदलले नि दिवसभर एकाच टेकडीभोवती घिरट्या घातल्या. शेवटी साद पुन्हा तिलाच मिळाली. तुरेवाल्याचं हसणं तिला आता फार झोंबलं.

पुढे तिने नेहमीच्या तळ्याची वाट धरली.

“अगं, तळं आटलंय. बगळेसुद्धा उठून गेलेत तिथून,” मागून एक म्हातारी ओरडली.

लांबमानी ऐकेना. मग साद थांबली. मान खाली घालून ती मागे गेली आणि थवा नदीकडे वळला.

तिसऱ्या दिवशी तुरेवाल्याचा थवा त्या कोरड्या तळ्यावरून चोची वासत नदीवर आला.

“तळं आटलंय हे माझ्या थव्याला ठाऊक होतं,” तुरेवाला म्हणाला, “पण मला हलवणार कोण? तुझी साद थांबली म्हणे, तेव्हा तुला राग नाही आला?”

“आला तर! अजून गेला नाही,” लांबमानी म्हणाली आणि तिने पुन्हा पाण्यात चोच घातली.